भाच्याची गाडी आणि थंड हवा

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. दरवर्षी नववीच्या वर्गात मी हा आकडा सांगते आणि दरवर्षी पोरांचा विश्वास बसत नाही. मग फळ्यावर हिशेब मांडते. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा हवी. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे अकरा किलो हवा. घनमीटरभर हवेचं वजन १.२ किलो धरलं तर झाले नऊ हजार लिटर. माणूस स्वस्थ बसून दिवसभरात जेवढी हवा आत घेतो, जवळजवळ तेवढीच. गाडी ती पंधरा-वीस किलोमीटरमध्ये संपवते. पेट्रोलच्या भावावर आपण रोज बोलतो. ही हवा फुकट आहे म्हणून तिचं नाव कुणी काढत नाही.

आमच्या घरात मात्र गेले चार महिने हवेशिवाय दुसरा विषय नव्हता.

आमचं घर गॅरेजवाल्याचं. कोल्हापुरात अब्बांनी सुरू केलेलं गॅरेज आता भाई चालवतो आणि भाईचा मुलगा, माझा भाचा, त्याच्या हाताखाली आहे. आयटीआय करून आलेला, हुशार, आणि हुशार पोरांसारखाच उतावळा. घरात आम्ही दखनी बोलतो, गॅरेजमध्ये मराठी, तीही अस्सल कोल्हापुरी. लहानपणी सुट्टीत मी तिथं डालडाच्या डब्यातले नटबोल्ट मापानं वेगळे करत बसायचे. मुलगी गॅरेजमध्ये कशाला, असं नातेवाईक विचारायचे. अब्बा म्हणायचे, हिसाब में पक्की होने दो. विज्ञानाची शिक्षिका झाले त्याचं मूळ त्या डब्यात आहे असं मला वाटतं.

तर भाच्यानं दहा वर्षं जुनी, १२०० सीसीची एक पेट्रोल गाडी घेतली आणि तिला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायचं ठरवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉनेट उघडलं की एका बाजूला काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो. त्यात कागदाचा एअर फिल्टर असतो. बाहेरची हवा एका नळीतून त्या डब्यात येते, गाळली जाते आणि पुढे इंजिनात जाते. हा सगळा डबा काढून टाकायचा, त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा गुळगुळीत पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. फिल्टर इंजिनापासून दूर, जिथं हवा थंड असेल तिथं न्यायचा. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, ऑक्सिजन जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं, ताकद वाढते. तत्त्व शंभर टक्के खरं आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवेची घनता तीन टक्क्यांच्या वर वाढते.

किंमत अठ्ठावीस हजार. भाईनं आकडा ऐकला आणि एकच शब्द बोलला, “इसराफ.”

भाचा म्हणाला, “पप्पा, शादी में दस देगां चढते, वो इसराफ नहीं?”

भाभीनं तोंडाला पदर लावला. भाई उठून नमाजला गेला.

पण भाईच्या विरोधाला दोन कारणं होती आणि पैसा हे त्यातलं लहान. मोठं कारण आवाज. उघड्या फिल्टरमुळे गाडी दाबली की आत हवा ओढल्याचा घुमणारा आवाज येतो. कंपनीचा तो बोजड डबा हवा गाळण्याबरोबरच हा आवाज गिळण्यासाठीही बनवलेला असतो. पोरांना नेमका तोच हवा असतो. भाईचं म्हणणं असं की आवाज करणाऱ्या गाडीकडे लोक आधी बघतात, मग चालवणाऱ्याकडे बघतात, मग त्याचं नाव विचारतात. नाकाबंदीत दहा पोरांच्या गाड्या थांबवल्या तर नाव सांगितल्यावर कुणाची गाडी जास्त वेळ थांबते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून जे घडलं, शहर बंद, दगडफेक, इंटरनेट बंद, त्या दिवसांत भाईनं शटर अर्धं ओढून आतच मुक्काम केला होता. त्याच रात्री त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येत होते, “मिस्त्री, घरात बसा, काय लागलं तर सांगा.” यात पाटील होते, जाधव होते, एक गुरव मास्तर होते. भाई म्हणतो, मला हे फोन ज्या नावामुळे आले ते नाव मी आवाजात घालवणार नाही.

भाच्याचं म्हणणंही मला खोटं वाटलं नाही. तो म्हणाला, “फुफू, बुलेटला फटाका सायलेन्सर लावून फिरणारी पोरं सगळ्या जातीची आहेत. मी सायलेन्सरला हात लावत नाही. मी इंजिनाचं काम करतोय. आपण घाबरून साधं शिकायचंही सोडायचं का?” आणि पुढे हळूच म्हणाला, “असली कामं करून घ्यायला पोरं पुण्याला जातात. आपल्याकडे झाली तर मलाही पुण्याला जावं लागणार नाही.”

खरी गोम ही होती. पोरगा गॅरेजमध्ये राहणार की जाणार, हे त्या पाइपवर ठरणार होतं. भाईला ते कळत होतं, म्हणून तो जास्तच गप्प झाला.

मी मध्ये पडले ती शिक्षिका म्हणून. म्हटलं, भांडण नको, मापं घेऊ.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. आरसी बुकात इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधन, रंग वगैरे असतं. एअर फिल्टरचा रकाना नसतो. म्हणून हा मामला काठावरचा आहे. पीयूसी पास व्हायला हवी, आवाज मर्यादेत हवा, आणि विमा किंवा वॉरंटीच्या वेळी बोट दाखवायला कंपनीला जागा मिळते हे गृहीत धरायचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात असला इनटेक विकायचा तर सरकारी प्रदूषण मंडळाचा सूट दिल्याचा नंबर त्यावर लागतो. आपल्याकडे अशी सोय नाही, म्हणून सगळा भार मिस्त्रीच्या शहाणपणावर पडतो.

मग पावसाळा. या मुद्द्यावर भाई एकदम बोलका झाला. किटमधला पाइप वाकून खाली बंपरच्या आत जात होता, फॉग लॅम्पच्या मागे. तिथं हवा सगळ्यात थंड, कबूल. पण तिथंच पाणीही पहिलं येतं. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आम्ही विसरलेलो नाही. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर गॅरेजसमोर टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागली होती. पाण्यात नुसती बुडालेली गाडी बरीचशी वाचते. पाण्यात असताना स्टार्टर मारलेली गाडी वाचत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. भाईनं अशा एका गाडीचा वाकलेला रॉड खिळ्याला टांगून ठेवला आहे. त्यानं तो काढून भाच्याच्या हातात दिला. काही बोलला नाही. भाच्यानं खालचा पाइप त्याच दिवशी बाजूला ठेवला आणि फिल्टर वर, हेडलाइटच्या मागे घ्यायचं ठरवलं. माझ्या मते कोकणात, कोल्हापुरात, मुंबईत कुणीच फिल्टर बंपरमध्ये नेऊ नये. ज्या वाळवंटी मुलखात वर्षाला चार सरी पडतात तिथली ती रचना आहे.

बसवायचं काम शुक्रवारी जुम्म्यानंतर झालं. दुपारी गॅरेज तसंही तीनपर्यंत बंद असतं. भाच्यानं बिस्मिल्ला म्हणून दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. जुन्या डब्याचे तीन बोल्ट, एक रबरी बूच, एक क्लॅम्प. डबा हातात आल्यावर तो म्हणाला, “पप्पा, एवढाच?” तसं पाहिलं तर एवढाच. पण त्या डब्याच्या नळीचं तोंड बघा, मी त्याला म्हटलं. ते जाळीच्या मागे, बाहेरच्या हवेकडे आहे. आजकालच्या बहुतेक गाड्या कंपनीतूनच थंड हवा घेतात. ‘कोल्ड एअर’ हे जणू नवीन काही असल्यासारखं विकलं जातं, ते मला पटत नाही.

डब्याच्या पुढच्या नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. सगळ्या गाड्यांत नसतो, काहींत दाब मोजून काम भागवतात, पण याच्या गाडीत होता. आत केसासारखी बारीक तापलेली तार असते. हवा जितकी जास्त वाहते तितकी ती थंड होते आणि तिला तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून संगणक हवेचं वजन ओळखतो. दोन स्क्रू काढून तो सेन्सर नव्या पाइपात बसवायचा. तारेला बोट लागू द्यायचं नाही आणि बाणाची दिशा चुकवायची नाही. तेल लावलेले सुती फिल्टर असतात, अमेरिकेच्या केअँडएन कंपनीमुळे प्रसिद्ध झालेले. धुऊन पुन्हा तेल लावताना हात सैल सुटला तर तेच तेल या तारेवर जाऊन बसतं. बाजारात त्या फिल्टरची नक्कलही भरपूर आहे. शेवटी इंजिनाची ब्रीदरची नळी नव्या पाइपाला जोडली, क्लॅम्प आवळले, बॅटरी लावली, चावी फिरवली.

आवाज आला. छातीत भरणारा, खालचा सूर. भाच्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला ईदच्या चंद्राचीच उपमा देता येईल. भाई पुढच्या गाडीचं चाक खोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. भाच्यानं सगळे क्लॅम्प तपासले, सेन्सर स्प्रेनं धुतला, नळ्यांवरून हात फिरवला, गळती कुठं सापडेना. दोन दिवस तो जेवायलाही नीट आला नाही. ज्या दुकानातून किट मागवलं होतं त्यांनी “गाडीचा कोड घालवून टाका” एवढंच उत्तर दिलं.

तिसऱ्या संध्याकाळी भाईनं काही न विचारता खणातून व्हर्निअर काढला. जुन्या नळीचा आतला व्यास मोजला: सत्तर मिलिमीटर. नव्या पाइपाचा मोजला: शहात्तर. मला म्हणाला, “तू सांग आता त्याला, तुला शिकवायला पगार मिळतो.”

सहा मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटतं. पण व्यासाचा वर्ग घ्यावा लागतो. शहात्तरचा पाइप सत्तरच्या पाइपापेक्षा जवळजवळ अठरा टक्क्यांनी मोठा. तेवढीच हवा रुंद वाटेनं जाते तेव्हा हळू जाते, तार कमी थंड होते, सेन्सर खरी असेल त्यापेक्षा कमी हवा सांगतो, संगणक त्या हिशेबानं कमी पेट्रोल टाकतो. मागे सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजनचा सेन्सर ओरडत राहतो, पेट्रोल वाढवा, पेट्रोल वाढवा. संगणक एका मर्यादेपर्यंत ऐकतो आणि मग दिवा लावतो. विकणाऱ्यांनी पाइप चकचकीत केला होता, पण सेन्सर बसतो तिथला व्यास कंपनीचाच ठेवायला हवा, हे त्यांना ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून फिकीर नव्हती.

रविवारी बापलेक दोघं एकाच मोटारसायकलवरून शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथल्या लेथवर भाईची तीस वर्षांची ओळख. अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून आतून बरोबर सत्तरचा, सेन्सरच्या खाचेसकट एक गाळा कातून आणला. जाता जाता पत्र्याचा एक पडदाही वाकवून घेतला, फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे उभा करायला, कडेला रबर लावलेला. पडद्याची कल्पना भाच्याची, मापं भाईची. लेथवाल्यानं पैसे घेताना विचारलं म्हणे, “मिस्त्री, ह्यो धंदा तुमी कवापास्नं?” भाईनं काय उत्तर दिलं ते दोघांपैकी कुणी मला सांगितलं नाही.

पडदा का लागला तेही सांगते. मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. बाहेर ३१ अंश होते. जुन्या डब्यासह गाडी चालती असताना ३६, सिग्नलला थांबल्यावर ४७. नुसता उघडा फिल्टर लावून चालताना ४०, आणि दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत तब्बल ६१. म्हणजे ‘थंड हवे’चं यंत्र इंजिनाची उष्ण वाफ पीत होतं. छत्तीसच्या जागी एकसष्ट म्हणजे हवा साडेसात टक्के विरळ, अठ्ठावीस हजार देऊन. पडदा लावल्यावर चालताना ३५, थांबल्यावर ५०. जवळजवळ जिथून निघालो तिथं परत.

आंबा घाटात नेऊन बघितलं. भाचा म्हणाला पिकअप वाढला. मी मागे बसले होते, मला आवाज वाढलेला कळला. पूर्ण दाबल्यावर वरच्या फेऱ्यांत थोडा फरक असेलही, एक-दोन घोड्यांचा. पण अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर चालणाऱ्या गाडीत हवेची वाट थ्रॉटलच्या झडपेनंच अडवलेली असते. फिल्टर कितीही मोकळा असला तरी त्या दारातून तेवढंच आत जाणार. अ‍ॅव्हरेजचंही तेच. अब्बांच्या काळात, कार्बोरेटर असताना, फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल प्यायची. ऊस गाळपाच्या हंगामात पाचटाची धूळ खाल्लेले ट्रॅक्टर आणि जीप यायच्या, त्यांच्या फिल्टरच्या तळाशी तेलाची वाटी असे, तिच्यातला चिखल काढणं हे माझ्याही वाट्याला आलेलं काम. आता संगणक हवेप्रमाणे पेट्रोल मोजतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये नव्या गाड्यांवर मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून पाहिलं, तेव्हा पळण्यात फरक पडला, अ‍ॅव्हरेजमध्ये जवळजवळ नाही. त्यामुळे कुणी अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून इनटेक विकत असेल तर त्याच्या दुकानात चहा प्यावा आणि घरी यावं.

मग भाच्यानं काढून टाकावं का? मी तसं म्हटलं नाही. गाडी त्याची, पैसे त्याच्या ओव्हरटाइमचे, दिवा विझलेला, पीयूसी पास. आवाजाचं भाईनं एक ठरवून दिलं: मोहल्ल्यात, शाळेसमोर, देवळासमोर, मशिदीसमोर दुसऱ्या गिअरच्या वर दाबायचं नाही आणि काळा डबा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायचा, फेकायचा नाही. भाचा हे पाळतो. निदान आमच्या गल्लीत पाळतो, पुढचं मला ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एक पोरगा आला, तशाच गाडीचा, तसंच किट घेऊन. कपाळावर टिळा, हातात कडं, आणि गाडीचा पिवळा दिवा लागलेला. पुण्यात बसवून आणलं होतं. भाईनं बॉनेट उघडलं, बघितलं, व्हर्निअर भाच्याच्या दिशेनं सरकवला आणि स्वतः चहा सांगायला गेला. गाळा कातून बसवायला दुपार गेली. त्या पोरानं जाताना विचारलं, बिल कितीचं. भाईनं बिलबुक उघडलं, ‘हवेचं काम’ असं मराठीत लिहिलं आणि रकमेचा रकाना रिकामा ठेवून वही भाच्यापुढे केली.